सहा चाकांचं फर्निचर

सानपाडा, गुरुवार

तीर्थस्वरूप वन्सं यांना जयमालेचा, खुर्चीत बसून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कोणाचं काही झालेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत, तुमचे बंधुराज तर जरा जास्तच. तुमच्या गुडघ्यांची खुशाली कळवा. (मागे फोनवर तुम्ही म्हणाला होतात की गुडघे उत्तम आहेत, कामोठ्याचे रस्तेच खराब आहेत. म्हणून रस्त्यांचीही खुशाली कळवा. घरातल्या घरात हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत जाताना तुम्ही भिंत धरता असं आमचा प्रसाद सांगत होता, तर तिथलाही रस्ता खराब असेल.) अक्षर जरा लवंडलेलं दिसेल. हाताला काही झालेलं नाही, डोळ्यांनाही नाही. कारण शेवटी सांगते, तोवर कृपा करून लाल पेन हातात घेऊ नका. शाळेतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी मागच्या दिवाळीचं माझं शुभेच्छापत्र तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवलं होतंत. ते मी फ्रिजवर लावलंय. हे येता-जाता वाचतात आणि ‘ताई ती ताईच’ म्हणून खूश होतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. त्याचं असं आहे की आमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि माझं वाक्य अर्धं झालं की उरलेलं अर्धं हे पुरं करतात, बहुतेक वेळा चुकीचं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ते ‘आपलं कुटुंब’ ग्रुपवर जातं आणि तिथे कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकून विषय बंद करतं. म्हणून हे पत्र गोजराबाईंबरोबर पाठवते आहे. गोजराबाई म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या. मूळ इथल्या गावातल्याच, जिथे आमची बिल्डिंग आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं (पार्किंगमध्ये उभ्या राहून त्या कुठे काय पिकायचं ते दाखवतात, आमच्या गाडीच्या जागी म्हणे विहीर होती). त्यांची लेक मनस्वी कामोठ्याला दिलीय, शनिवारी त्या तिच्याकडे निघाल्यात. त्यांना चहा द्या. साखर कमी म्हणतील, त्यावर विश्वास ठेवू नका.

तर वन्सं, मी विजेवर चालणारी चाकाची खुर्ची घेते आहे. हे वाचून तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. मणक्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा व्हीलचेअरचं नाव निघालं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “जयू, खुर्चीत बसलीस की संपलीस.” मी तुमचं ऐकलं, खूप ऐकलं. वॉकर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारल्या, तेल चोळलं, फिजिओथेरपीवाल्या मुलीला स्वतःच्या लेकीइतका जीव लावला. पण मणक्याने जे ठरवलं ते ठरवलं. शेवटी ती साधी, ढकलायची खुर्ची घरात आली आणि मी संपले नाही, उलट वजन वाढलं.

त्या ढकलायच्या खुर्चीबद्दल मी आजवर कोणाजवळ बोलले नव्हते, तुमच्याजवळ बोलते. तुमच्या भावासारखा नवरा मिळायला भाग्य लागतं, हे तुम्ही मला लग्नापासून सांगत आलात आणि मी कधी नाही म्हटलेलं नाही. रोज संध्याकाळी न चुकता मला खाली नेतात. पण वन्सं, मागून ढकलणारा माणूस जिकडे बघतो तिकडे बसलेल्याचं तोंड असतं. यांना वाटेत हार्डवेअरचं दुकान लागलं की खुर्ची थांबते आणि मला नवीन प्रकारचे स्विच दाखवले जातात (स्विचच्या कंपनीतून निवृत्त झाले, स्विचमधून झाले नाहीत). साडीच्या दुकानाशी मात्र उतार असतो म्हणे, तिथे थांबता येत नाही. ओळखीचा कोणी भेटला की हे खुर्ची जिथल्या तिथे सोडून मागे वळतात आणि गप्पा सुरू होतात, आणि मी समोर जे असेल ते बघत बसते. सेक्टरातलं प्रत्येक गटाराचं झाकण मला पाठ झालंय. एकदा अर्धा तास मी एका शटरसमोर होते. शटर बंद होतं. पाठीमागे माझ्याच तब्येतीची चर्चा चालली होती आणि ‘आता खूप फरक आहे’ असं मला तिथेच कळलं.

भाजीचं तर विचारूच नका. भाजीवाल्यापुढे खुर्ची आडवी लागते, मग हे म्हणतात तू थांब, मी घेतो. गवार घेतात ती दोराला पर्याय म्हणून वापरता येईल अशी. मी तिथे दोन धडधाकट हात घेऊन बसलेली असते आणि मला ती गवार मोडून बघायची असते हो! ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली, या दोन वर्षांत मी रस्त्यावर एकदाही एकटी नव्हते. कोणीतरी पाठीशी आहेच. पूर्वी घरात कंटाळा आला की मी पिशवी उचलायची आणि कोथिंबीर आणते म्हणून निघायची, घरात कोथिंबीर असली तरी. तेवढं मला परत हवंय. एकटीने खाली जायचं, हवं तिथे थांबायचं, आणि कोणी कंटाळवाणं बोलायला लागलं की खुर्ची वळवून निघून यायचं. मला यांचा राग येत नाही. पण त्या शटरचा आला, आणि घरी येऊन मी रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं की मला माझी मी चालवेन अशी खुर्ची पाहिजे.

जाहीर केल्याबरोबर घरात उत्साह असा संचारला की लग्न ठरल्यासारखं वाटलं. प्रसादने पुण्याहून व्हिडिओ मीटिंग लावली. त्याने बापाला सतरा खुर्च्यांची माहिती पाठवली होती आणि दोघं बॅटरीवर जे सुरू झाले ते मोटारवर जाऊन मग ब्रेकवर आले. मला मीटिंगमध्ये घेतलं होतं, पण माझा माइक बंद होता (तो कसा सुरू करायचा ते मला येतं, पण ऐकायला मजा येत होती). शेवटी आमच्या वैदेहीने, गुणी आहे हो पोर, विचारलं की आईंना काय हवंय ते कोणी विचारलं का? तेवढ्यात नेटवर्क गेलं.

मग एका शनिवारी आम्ही वाशीच्या दुकानात गेलो. मोठं दुकान आहे, खुर्च्या, पलंग, काठ्या, कमोड, सगळं. तिथला विक्रेता, पार्थ नाव, टाय लावलेला, अतिशय नम्र. इतका नम्र की माझ्याशी तो बोललाच नाही. सगळे प्रश्न यांना. पेशंटला पाठीचा त्रास आहे का? पेशंट किती वेळ बसतात? मी तिथेच बसले होते, म्हणजे किती वेळ बसते ते त्याला दिसत होतं. पेशंटचं वजन विचारलं तेव्हा यांनी क्षणाचाही विचार न करता माझं लग्नाच्या वेळचं वजन सांगितलं. (मला वाईट वाटलं नाही. माणसाच्या डोक्यात एक आकडा पक्का बसतो.) त्याप्रमाणे पार्थने एक नाजूक, घडीची, हलकी खुर्ची काढली. तीत मला दोघांनी उचलून बसवलं तेव्हा मी साच्यातल्या मोदकासारखी गच्च बसले, आणि काढताना कळ्या मोडल्या. ती खुर्ची बाद झाली.

त्यानंतर जे झालं ते म्हणजे खुर्चीचा चहापोह्यांचा कार्यक्रम. प्रत्येक खुर्ची हे स्वतः बसून बघत होते. मागेपुढे हलून, पाय लांब करून, ‘वा’ म्हणून. दुकानात गुडघ्याचा पट्टा घ्यायला आलेले एक गृहस्थही बसून गेले, त्यांनी मतही दिलं. पार्थ बसला. दुपारचा डबा घेऊन आलेला माणूस बसला. एक मीच तेवढी बाजूला उभी, म्हणजे बसलेली, पण चुकीच्या खुर्चीत. आणि सर्वानुमते जी पसंत पडली ती म्हणजे एक राजेशाही प्रकरण, राखाडी रंगाचं, गुबगुबीत, पाठ मागे जाणारं, पाय वर येणारं, आणि खाली सहा चाकं. यांनी त्यात बसून डोळे मिटले. अगदी पाच मिनिटं गप्प होते, एवढी शांतता मला आयुष्यात क्वचित मिळालीय. पार्थ म्हणाला आठवडाभर घरी वापरून बघा, सर. सर म्हणाले पाठवा.

खुर्ची टेंपोतून खाली उतरली आणि गोजराबाई ताट घेऊन हजर. घरात चाकाची वस्तू आली आणि पूजा नाही असं त्यांच्याकडे चालत नाही. मी सांगितलं की ही ट्रायलची आहे, परत जायची आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “बाय, तू बसनार हाईस ना तीवर? मंग?” यांनाही मनातून हवंच होतं. तर वन्सं, रीतसर पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ, प्रत्येक चाकाखाली एक लिंबू. चार लिंबं आणली होती आणि चाकं निघाली सहा, म्हणून मधल्या दोघांसाठी माझ्या फ्रिजमधली सरबताची लिंबं गेली. पाठीवर यांनी स्वतः, ड्रॉइंग चांगलं आहे त्यांचं, कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. तेल कालवून, म्हणजे टिकेल. ते टिकलं. आठवडाभर साबण, रॉकेल, नेलपॉलिश काढायचं पाणी, सगळं करून झालं. पार्थने परत घेताना पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघितलं. आता ती डेमोची खुर्ची दुकानात स्वस्तिकासकट उभी आहे आणि गिऱ्हाइकं म्हणे आधी तिच्यापाशीच जाऊन हात जोडतात.

पण आठवडाभरात ती परत का गेली तेही सांगते. एक तर ती घरात कुठल्याच दारातून सरळ जात नव्हती. बेडरूमच्या दारात अडली, बाथरूमच्या दाराजवळ जायचं तिने नावच घेतलं नाही. लिफ्टमध्ये गेली, पण मग तिच्यासोबत फक्त एखादा बारीक माणूस मावायचा, आणि तुमचे बंधुराज बारीक नाहीत. आणि दुसरं म्हणजे ती मला मिळेचना. दुपारी जेवण झालं की हे ‘जरा चेक करतो’ म्हणून त्यात बसायचे. एक दिवस चेक करता करता पाठ पूर्ण मागे गेली, पाय वर आले, आणि परत खाली यायचं बटण काही सापडेना. मी ढकलायच्या खुर्चीत या खोलीत, ते विजेच्या खुर्चीत त्या खोलीत, दोघंही हलू शकत नाही. तेवढ्यात बेल वाजली. दार उघडंच होतं, म्हणून सोसायटीचे चेअरमन हौसेराव सरळ आत आले आणि त्यांनी यांच्या तळपायांशी बोलायला सुरुवात केली.

हौसेराव म्हणजे गोजराबाईंचे धाकटे दीर. माणूस स्पष्ट. त्यांचं म्हणणं सोपं होतं. “भाऊ, ही गारी हाय का खुर्ची हाय ते पयले ठरवा. गारी आसंल तं पार्किंगन लावा. खुर्ची आसंल तं घरान ठेवा.” पाय म्हणाले, अहो हौसेराव, आधी मला खाली करा. खाली झाल्यावर विषय कमिटीत गेला. तुम्हाला सोसायटीची कमिटी माहीत नाही, तुम्ही भाग्यवान. रविवारी सकाळी त्यांची सभा झाली, आणि मी साक्षीदार म्हणून हजर होते, म्हणजे मुद्देमाल आणि मी. आमच्या नियमात दुचाकी आहे, चारचाकी आहे, प्रत्येकीचा स्टिकर वेगळ्या रंगाचा. सहाचाकी म्हणजे ट्रक किंवा टेंपो, आणि त्यांना आत थांबायची परवानगी फक्त घर बदलताना. एक सभासद म्हणाले, वहिनी घर बदलतायत असं दाखवा. दुसरे म्हणाले, दोन चाकं काढता येतील का? चार्जिंग पार्किंगमधल्या प्लगवर करायचं की घरात, यावर तर असा वाद झाला की त्यात मागच्या वर्षीची पाण्याची मोटार निघाली. सरतेशेवटी ठराव झाला की सदर वस्तू वाहन नसून फर्निचर आहे. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर लक्षात आलं की फर्निचर लिफ्टमधून न्यायला-आणायला सेक्रेटरींची चिठ्ठी लागते, आणि तेही सकाळी दहा ते पाचच्या दरम्यानच. म्हणजे कायद्याने मी संध्याकाळच्या भाजीला जाऊ शकत नाही. (हौसेरावांना हे दाखवलं तर ते मनापासून हसले आणि म्हणाले, तुमाला कोन आरवतंय बघू, म्हणजे कोण अडवतंय ते. बिल्डिंगच्या दारातल्या उतारावर कुंड्या ठेवल्या होत्या, त्याही त्यांनी स्वतः उचलल्या. एकच स्कूटर राहिलीय, ती त्यांचीच आहे.)

आता तिसरी खुर्ची. ही मी निवडली. हे पार्थशी बॅटरीवर बोलत असताना मी त्याला हाक मारली आणि म्हटलं, बाळा, पेशंट बोलतेय. दार किती रुंद, लिफ्ट किती खोल, जेवणाच्या टेबलाखाली गुडघे जायला खुर्चीचा हात वर होतो का, फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकवर मणक्याला दणका बसणार नाही अशी स्प्रिंग आहे का, आणि उशी कशाची. बिचारा एकदम सरळ उभा राहिला. मग त्याने एक आणली. दिसायला साधी, निळी. तीत बसले आणि वन्सं, काय सांगू, पाठ टेकली ती टेकली. कुठे टोचेना, पाय लोंबकळेनात, मांडी घसरेना. दोन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी कुठेतरी बसले आहे, मला कुठेतरी ठेवलेलं नाही. माझे डोळे भरून आले. ते बघून यांनी पार्थला विचारलं की हिला काही टोचतंय का.

चालवायला एक छोटी दांडी असते, जॉयस्टिक म्हणतात, ती जिकडे झुकवाल तिकडे खुर्ची जाते. ती होती उजव्या हाताला. पार्थ म्हणाला हळूच पुढे दाबा. मी हळूच दाबली असं मला वाटलं. खुर्ची गरकन डावीकडे गेली, मी घाबरून उजवीकडे ओढली, ती उजवीकडे आणि शिवाय मागे गेली, आणि मोठ्या माणसांच्या डायपरच्या खोक्यांचा जो मनोरा त्यांनी एवढ्या प्रेमाने रचला होता तो सगळा माझ्या अंगावर आला. त्यातून बाहेर पडायला म्हणून पुन्हा दांडी दाबली तर समोर कमोडच्या खुर्च्यांची रांग. एकीने दुसरीला ढकललं, दुसरीने तिसरीला. शेवटची काचेच्या दाराला जाऊन टेकली, बाहेर उसाचा रस पिणारे लोक ग्लास हातात धरून बघत होते. कोणाला लागलं नाही. मला हसू आवरेना. पण ह्यांच्याकडे बघितलं आणि माझं हसू गेलं. चेहरा पांढराफटक पडला होता. खाली बसून एकेक खोकं उचलून परत रचायला लागले.

मी सांगितलं की दांडी डावीकडे बसवा, मला जमेल, मी डावखुरी आहे. पार्थ म्हणाला बसते की, ऑर्डर देताना फक्त सांगायचं. आणि तुमचे बंधुराज हसले हो वन्सं! म्हणाले, एवढी वर्षं संसार केला, तू उजव्या हाताने जेवतेस, उजव्या हाताने लिहितेस, हळदीकुंकू उजव्या हाताने लावतेस, आणि आज खोकी पडल्यावर डावखुरी झालीस? मी घरी येऊन डाव्या हाताने माझं नाव लिहून दाखवलं. म्हणाले, हल्ली मेंदूचा व्यायाम म्हणून सगळेच करतात. आता त्यांनी ठरवलंय की खुर्ची तीच निळी, पण दांडी पाठीमागे बसवायची, ढकलणाऱ्याच्या हाताशी. तशीही सोय असते. म्हणजे चालवणार हे, मागून, विजेवर. आता धाप लागणार नाही, त्यामुळे लांबवर जाऊ, जुईनगरपर्यंतची हार्डवेअरची दुकानं होतील असं म्हणतात. येत्या सोमवारी ऑर्डर द्यायला जाणार आहेत. प्रेमानेच करतायत. त्या दिवशीपासून झोपेतही माझा हात धरतात, सुटत नाही.

असो. तुम्ही कशाचीही काळजी करू नका. केवळ कळवावं म्हणून लिहिलं, मागणं काहीच नाही. प्रकृतीला जपा, भिंतीला सांभाळून धरा, आणि तुमच्या कामोठ्याच्या रस्त्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमची (सुधारायची राहिलेली)
जयमाला

ता. क. मागच्या खेपेचं मेतकूट संपलं. गोजराबाईंबरोबर एक डबा दिलात तर बरं होईल. डबा आधीचाही माझ्याकडेच आहे, तो गृहीत धरू नका.

आणखी एक ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलंय, ते मेतकुटापुरतंही खरं नव्हतं. वन्सं, मी डावरी आहे हे जगात आता फक्त तुम्हालाच माहीत आहे. शाळेत बाईंनी आणि माहेरी आजीने माझं लिहिणं उजव्या हाताला नेलं, पण वाढणं-कालवणं मात्र लग्न होईपर्यंत डाव्याच हाताने चालायचं. मुलुंडच्या घरची ती पहिली सत्यनारायणाची पंगत आठवते? मी डाव्या हातात डाव घेऊन कढी वाढायला निघाले आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातच मला अडवलंत. रागावला नाहीत. माझ्या डाव्या हातात माझ्याच पदराचं टोक दिलंत आणि हळूच म्हणालात, “हा घट्ट धरून ठेव. हात रिकामा राहिला नाही की चुकणार नाहीस.” बाहेर कोणाला कळलं नाही, आईंना नाही आणि तुमच्या भावालाही नाही. (उजव्या हाताने वाढलेली कढी भटजींच्या मांडीवर गेली, तेवढं सोडून.) तुम्ही मला सांभाळून घेतलंत हे मी विसरलेले नाही. पण तेव्हापासून तो पदर मी धरलाय तो धरलाच आहे. यांना माझं पटत नाही, आणि घाबरलेत म्हणून पटवून घ्यायचंही नाही. तुमचा शब्द मात्र त्यांनी आजवर मोडलेला नाही. सोमवारच्या आत त्यांना एक फोन करा. स्पीकरवर असेल, मी ऐकत असेन. एवढंच सांगा की जयू डावरी आहे, दांडी तिच्या डाव्या हाताशी लाव. मी संपेन की नाही ते त्यानंतर बघू. आणि तुमच्या दारात ती एक पायरी आहे ना, तिथे एखादी फळी टाकून ठेवा.

शेवटची ता. क. अक्षराचं राहिलं. हे सबंध पत्र मी डाव्या हाताने लिहिलंय. एवढं सगळं वाचता आलं ना तुम्हाला? लाल पेनने सुधारायचं असेल तर सुधारा, पण फोन आधी करा. पदर मी कमरेला खोचलाय.